सहाव्या खोलीचं शून्य

१

मास्तरणीच्या शास्त्रात शून्य म्हणजे माणूस आणि एक म्हणजे कोणी नाही.

तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरच्या असेंब्ली भाषेच्या पहिल्या तासाला ती हे फळ्यावर लिहायची. मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारायचं, "मग बाई, पेपरात आम्हाला मिळतात ती शून्यं म्हणजे माणसंच का?" वर्ग हसून झाला की ती समजावून सांगायची. यंत्राला बाहेरच्या जगाची खबर लागते ती पोर्टमधून. पोर्ट म्हणजे दार, आणि एका दारात आठ तारा येतात. तार मोकळी असेल तर तिच्यावर वीज ताणून धरलेली असते, तिथे एक दिसतो. कोणी बटण दाबलं की तार जमिनीला टेकते आणि शून्य येतं. प्रोग्रामात दोनच ओळी लागतात. पहिलीत दाराचा पत्ता, दुसरीत हुकूम, की जा आणि असेल ते आत घेऊन ये. प्रोसेसर बिचारा सांगकाम्या. कोणाचं, कशासाठी, असले प्रश्न तो विचारत नाही.

पुढे तो विषयच अभ्यासक्रमातून गेला आणि मास्तरीण कपाटातल्या जुन्या चष्म्यासारखी राहिली, कधीमधी कोणाला तरी लागणारी. त्या वर्षी ती वृद्धनिवासाला लागली. तिथल्या मागच्या इमारतीत एका ओळीत आठ खोल्या होत्या, खोलीगणिक एक पलंग, आणि प्रत्येक गादीखाली एक दाबपट्टी. म्हातारं माणूस पलंगावर असेल तर शून्य. ते उठलं की शून्याचा एक होतो आणि मेट्रनच्या ऑफिसात घंटा वाजते, म्हणजे पडायच्या आत कोणीतरी धावतं. एकोणीस वर्षांपूर्वी हा प्रोग्राम मास्तरणीनेच लिहिला होता. मधली दोन वर्षं इमारत दुरुस्तीसाठी बंद होती. आता ती पुन्हा उघडायची होती आणि त्या जुन्या यंत्राची भाषा येणारं दुसरं कोणी मेट्रनला सापडलं नव्हतं.

तिने होकार दिला तो काही जुन्या प्रेमापोटी नव्हे. सहाव्या खोलीत तिचे बाबा राहायला येणार होते.

बाबा त्र्याऐंशीचे. एकतीस वर्षं बसवर कंडक्टर होते आणि उभ्या जन्मात कधी बसून प्रवास केला नाही; निवृत्तीनंतरसुद्धा बसमध्ये चढले की आपली जागा कोणालातरी देऊन मोकळे व्हायचे. घरात न्हाणीघराच्या वाटेवर एक पायरी होती, तिच्यावरून ते वर्षभरात दोनदा पडले. दुसऱ्या वेळी मास्तरीण शिकवणीला गेली होती. ती येईपर्यंत ते तीन तास फरशीवर होते, आणि आल्यावर तिला म्हणाले, वाटेत आडवा झालोय गं, ओलांडून जा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, तिसऱ्यांदा पडले तर उठायचे नाहीत. दूरच्या शहरातला भाऊ फोनवर म्हणाला, तू ठरवशील ते. तेव्हा सगळी भिस्त त्या एका घंटेवर होती. बाबा उठले की ती वाजायला हवी.

२

सोमवारी सकाळी अकराला तिने यंत्र सुरू केलं. पंखा घरघरला, पडदा हिरवा उजळला. इमारतीत अजून रंगाचा वास होता आणि नव्या गाद्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या होत्या. माणूस एकही नाही, म्हणजे पडद्यावर आठही आकडे एक यायला हवे होते. सात आले. सहावा आकडा शून्य होता.

वायरमन तोच होता, एकोणीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा त्याला केस होते. तो पडद्याकडे बघून म्हणाला, "आयत्या बिळात नागोबा, बाई. तुमच्या बाबांच्या आधी कोणीतरी जागा धरली."

ती सहाव्या खोलीत गेली. खोली चांगली होती, तिनेच निवडलेली. खिडकीतून समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे बसथांबा दिसायचा. पलंगावर प्लास्टिक गुळगुळीत पसरलेलं होतं. गादीचं टोक उचलून तिने पट्टी पाहिली. मुडपलेली नव्हती, ओली नव्हती, तिच्यावर कसलाही दाब नव्हता. मग वजन टाकून बघावं म्हणून ती गादीवर बसली.

प्लास्टिक चुरचुरलं. ती स्थिर झाली तसं थांबलं. मग पुन्हा चुरचुरलं, पण तिच्याखाली नाही, भिंतीपलीकडे, पाचव्या खोलीत.

मास्तरीण तशीच बसून राहिली. ऊन वर आलं होतं. उन्हाने प्लास्टिक ताणतं, आवाज होतो. त्यात नवल काही नाही. ती उठली तशी ऑफिसातली घंटा खणखणीत वाजली, आणि त्याचं मात्र तिला बरं वाटलं. परत येऊन पाहते तो सहावा आकडा शहाण्यासारखा एक झाला होता. शून्य आता पाचव्या जागी होतं.

वायरमनने हात झटकले. म्हणाला, संपर्क ढिला आहे, खेळतोय.

३

मंगळवारी तिने रीतसर चाचणी लावली. मेट्रन पडद्यासमोर बसून आकडे ओरडून सांगणार आणि मास्तरीण एकेका पलंगावर निजणार. मेट्रन पन्नाशीची, जाड आवाजाची, नावापेक्षा खोलीच्या नंबराने माणसं लक्षात ठेवणारी बाई. तिला ह्या यंत्राचं कौतुकही नव्हतं आणि भीतीही नव्हती. घंटा वाजली की पळायचं, एवढंच तिला माहीत होतं.

मास्तरीण पाचव्या खोलीत निजली. "पाच शून्य," मेट्रनचा आवाज आला. "आता चारही शून्य, बरं का." ती चारवर गेली तर तीन. तीनवर गेली तर दोन. ती जिथे जाईल तिथून शून्य उठायचं आणि पुढे सरकायचं. जागा अडवून बसायचं नाही, हुज्जत घालायचं नाही. बाबा बसमध्ये दिवसभर ओरडायचे, पुढे सरका, पुढे सरका, आणि पाचपैकी एखादाच ऐकायचा. हे मात्र न सांगता ऐकत होतं.

हा विचार मनात आल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला. तिच्याकडे साधं सरळ उत्तर होतं. आठ तारा एकाच केबलमधून येतात. आतलं वेष्टण झिजलं की एका तारेची वीज शेजारच्या तारेत झिरपते. शेजारच्या. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे कळतं.

म्हणून तिने वायरमनलाही निजवलं. ती पाचवर, तो दोनवर. माणसं दोन, तेव्हा शून्यं दोन. आणि वेष्टण झिजलेलं असेल तर तिसरं शेजारी, एकवर, तीनवर, चारवर नाहीतर सहावर.

"तीन आहेत," मेट्रन ओरडली. "दोन, पाच आणि आठ."

आठवी खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. दोघांपासून सगळ्यात लांब. वायरमन पलंगावरून उठून बसला. ऑफिसात परतल्यावर मेट्रन साध्या आवाजात म्हणाली, तुम्ही दोघं निजला होतात तेव्हा कॉरिडॉरमधून आठकडे कोण गेलं? पावलं ऐकली मी. मग मास्तरीण म्हणाली की रंगारी असेल. मेट्रनने रजिस्टरात डोकं घातलं. रंगारी शनिवारीच काम संपवून गेला होता, हे तिघांनाही माहीत होतं.

४

बुधवारी तिने केबल यंत्रापासून सोडवली. मोकळं दार वाचलं की आठही एक यावेत, आले. ती अर्धा तास पडद्यासमोर बसली. एकदाही आकडा हलला नाही. म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं आणि तिचा प्रोग्रामही. जे काही येत होतं ते खोल्यांतून येत होतं.

गुरुवारी वायरमनने नवी केबल टाकली, एकेक तार वेगळ्या नळीतून नेली. आठही दाबपट्ट्या बदलल्या. यंत्र सुरू केलं. सात एक, एक शून्य. शून्य पुन्हा सहाव्या जागी, खिडकीच्या खोलीत.

आता खरं तर तिने मेट्रनला सांगायला हवं होतं, की थांबा, मला हे कळलेलं नाही. पण आठ कुटुंबं रविवारची वाट बघत होती. भावाने दोनदा फोन केला होता. आणि बुधवारीच बाबा घरात पुन्हा त्या पायरीपाशी भिंत धरून उभे असलेले तिला सापडले होते, एक पाय वर, एक खाली, पुढे कसं जायचं ते विसरलेले.

तेव्हा तिने स्वतःला समजावलं. काय हवं आहे? बाबा उठल्यावर घंटा. मग तेवढंच तपासू. ती सहाव्या पलंगावर निजली आणि उठली. घंटा वाजली. पुन्हा निजली, पुन्हा उठली. वीस वेळा. वीसही वेळा घंटा वाजली, एकदाही चुकली नाही. एक शून्य जास्तीचं दिसतं तर दिसू दे. ते कोणाच्या आड येत नव्हतं. तिने मेट्रनच्या कागदावर लिहिलं, तपासले, ठीक आहे, आणि खाली सही केली.

विद्यार्थ्यांना तिने हजारदा सांगितलं होतं, की मधल्या किमती कोणीही तपासतो, टोकाची तपासा. डबा रिकामा असताना काय होतं ते बघा आणि काठोकाठ भरल्यावर काय होतं तेही बघा. पण वीस वेळा निजताना तिच्या दोन्ही बाजूंना सात पलंग मोकळे होते. भरलेल्या घराची चाचणी तिने घेतलीच नाही.

५

शनिवारी ती बाबांना खोली दाखवायला घेऊन आली. बाबांना इमारत आवडली, कॉरिडॉरमधला कठडा आवडला, कारण तो बसमधल्या दांड्यासारखा हातात बसायचा. मेट्रनला त्यांनी विचारलं, तुमचा रूट कुठून कुठे? मेट्रनही हजरजबाबी, म्हणाली, ऑफिसपासून आठपर्यंत आणि परत, दिवसातून शंभर फेऱ्या. दोघांचं जमलं.

सहाव्या खोलीच्या दारात मात्र ते थांबले. आत जाईनात. पलंगाकडे बघत राहिले, मग लेकीकडे वळून हळूच विचारलं, "हे कुठे उतरणार?"

"कोण, बाबा?"

त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं आणि हसले. म्हणाले, काही नाही गं, जुनी सवय. तिने त्यांचा हात दाबला. हल्ली असं व्हायचं. परवा त्यांनी शेजारणीला तिकीट झालं का विचारलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांच्या विसरण्याचं, दुसऱ्या कशाचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

६

रविवारी सकाळपासून माणसं येत गेली. लेकी, सुना, जावई, पिशव्या, काठ्या, औषधांचे डबे. बाबा सर्वांत शेवटी आले. दुपारच्या जेवणानंतर मेट्रनने सगळ्यांना विश्रांतीचा हुकूम सोडला आणि नातेवाइकांना बाहेर काढलं. मास्तरणीला तेवढी सूट होती, यंत्रावर नजर ठेवायला.

बाबा खिडकीपाशी खुर्चीवर बसून बसथांब्याकडे बघत होते. पडतो थोड्या वेळाने, म्हणाले. ती ऑफिसात आली. पडद्यावर आठ शून्यं होती.

तिने मनाशी मोजलं. सात माणसं पलंगावर आणि आठवे बाबा खुर्चीवर. सहावा आकडा शून्य असायला नको होता. तिने मेट्रनकडे पाहिलं. मेट्रन समाधानाने म्हणाली, "आठही पडलेत. पहिल्याच दिवशी एवढे शहाणे, दृष्ट लागेल."

मास्तरीण पुन्हा सहाव्या खोलीत गेली. बाबा खुर्चीतच होते. तिने त्यांना उठवलं, बूट काढले, पलंगावर निजवलं. त्यांनी कुरकुर केली नाही. फक्त दाराच्या बाजूला अगदी काठावर आडवे झाले आणि खिडकीकडची अर्धी गादी मोकळी सोडली. मध्ये या, पडाल, ती म्हणाली. ते म्हणाले, असू दे गं, माझं होतंय. तिने पायांवर पांघरूण घातलं आणि त्यांची काठी हाताला लागेल अशी ठेवली.

कॉरिडॉरमधून परत येताना तिने खोल्यांकडे पाहिलं नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. इतके दिवस ते सरकत होतं, कारण सरकायला जागा होती.

ऑफिसात घड्याळाची टकटक, पंख्याची घरघर. आठ शून्यं. मेट्रन गोळ्यांची पाकिटं लावत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. एकही आकडा हलला नाही, घंटा वाजली नाही, आणि मास्तरणीने पडद्यावरून नजर काढली नाही. सहावं शून्य होतं. बाबा पलंगावर होते. पट्टी नवी, केबल नवी, प्रोग्राम तिचा स्वतःचा. तिचा श्वास हळूहळू सरळ होत होता.

"पाणी मिळेल का गं?"

ती वळली. बाबा दारात उभे होते. अनवाणी, काठीशिवाय, कठड्यावर दोन बोटं टेकून. सहापासून ऑफिसपर्यंत चाळीस पावलं होती. ती चाळीस पावलं ते एकटे चालत आले होते आणि घंटा वाजली नव्हती.

तिने पडद्याकडे पाहिलं. आठ शून्यं.

मेट्रन पाकीट हातात धरून उभी राहिली. मग तीही पडद्याकडे बघू लागली.

"उठलात कशाला, बाबा?" मास्तरणीने विचारलं.

"दोघांना अडचण होत होती," बाबा म्हणाले. "त्यांना म्हटलं पडा तुम्ही नीट. फार दिवस उभे आहेत बिचारे."

७

तिने त्यांना पाणी दिलं. मेट्रनला तिथेच पडद्यासमोर बसायला सांगितलं आणि बाबांचा दंड घट्ट धरून ती कॉरिडॉरमधून निघाली. वाटेत ती स्वतःशी बोलत होती, वर्गात बोलावं तशी. पट्टी दाबलेल्या अवस्थेत अडकली असेल. नवी असली म्हणून काय झालं, नवी वस्तूही बिघडते. गादी उचलायची, पट्टी झटकायची, आकडा एक होईल. आणि मग बाबांना घरी न्यायचं. पायरी फोडून सपाट करून घेऊ, शिकवण्या बंद करू, डोळ्यांत तेल घालून बसू, पण घरी न्यायचं.

बाबा दाराशी थांबले. आत ती एकटी गेली.

खिडकीतून दुपारचं ऊन सरळ पलंगावर पडलं होतं. काठी होती तिथेच होती. बाबांची दाराकडची बाजू विस्कटलेली होती, उठलेल्या माणसाची असते तशी. पण पांघरूण त्या बाजूला नव्हतं. ते खिडकीच्या बाजूला गळ्यापर्यंत ओढून घेतलेलं होतं आणि पायथ्याशी दोन पावलांइतकं वर उचललेलं होतं. उशीत मधोमध खळगा होता. ती बघत असताना तो खळगा किंचित फिरला, खिडकीकडून तिच्याकडे.

ऊन होतं. ऊन हललं असेल. झाडाची सावली असेल. खिडकीबाहेर झाड नव्हतं.

तिने हात पुढे केला.

"उठवू नकोस गं त्यांना," दारातून बाबा म्हणाले. आवाजात नुसती कणव होती. "सगळ्या जागा भरल्यात. जातील कुठे?"

पण हात पोचला होता. पांघरूण गरम होतं. तिची बोटं टेकली मात्र, ते तिच्या हाताखालून आज्ञाधारकपणे खाली बसलं, पायथ्याचा उंचवटा सपाट झाला, आणि कॉरिडॉरच्या त्या टोकाला ऑफिसातली घंटा वाजू लागली.

"मास्तरीणबाई," मेट्रनची हाक आली, "सहा उठले. बघा जरा, पडतील."

मास्तरीण वळली. बाबा दारात होते. त्यांनी पाठ चौकटीला लावून अंग चोरलं होतं, भरलेल्या बसमध्ये एकतीस वर्षं चोरलं तसं, कोणालातरी वाट द्यायला. त्यांची नजर त्यांच्याच उंचीवर, अगदी हातभर अंतरावर थांबली होती.

"चला आमच्याकडे," ते प्रेमाने म्हणाले. "दोनच माणसं आहोत, जागा पुष्कळ आहे. फक्त आत एक पायरी आहे, तेवढी सांभाळा."